आमच्या धाब्यावरची आगबोट

(सांगणार : गोजरबाई मिस्तरीण, दोंडाईचा. बोलल्या तसं लिहून घेतलं.)

काय सांगू तुम्हाला भाऊ, बसा आधी, ती घोंगडी घ्या खाली. तुम्ही लिहिणार म्हणून मी जरा सावरून बोलते, पण मधेच आमची बोली निघाली तर निघू द्या, तिला आता या वयात कुठे दावं लावून बांधू. माझं माहेर नरडाण्याच्या अलीकडचं, कपाशीच्या मुलखातलं, दोन-चार घरं सुतारांची, त्यातलं एक आमचं. बाप वखर-पाभर करायचा आणि आई वाती वळायची, कापसाच्या, देवळाला लागतात त्या. आईचा हात असा होता की वात कुठे जाड नाही कुठे बारीक नाही, सगळी एकसारखी, आणि तोच हात मला आला, दुसरं काही आलं नाही, रंग आला नाही, उंची आली नाही, हात आला. सात कोस चालून बायका विचारायला यायच्या, काय गं, तुझ्या वाती विझत नाहीत त्या कशा. मी म्हणायची, मला काय ठाऊक, मी वळते, जळायचं काम त्यांचं.

लग्न होऊन दोंडाईच्याला आले तेव्हा इथली आगगाडी तशी नवीच होती, लोक अजून नुसते बघायला टेशनावर जायचे. इंग्रजाचं राज्य होतं, ते जाईल असं कोणाच्या मनातसुद्धा नव्हतं, आणि परवा गेलासुद्धा तो, पोरांनी झेंडा लावला तो माझ्याच धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, कारण तुम्ही रस्त्यावरून बघितलंच असेल, आमचं धाबं इतर धाब्यांसारखं नाही. त्याचीच तर गोष्ट तुम्ही विचारायला आलात. येते, तिथवर येते मी.

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, गाव त्यांना मिस्तरी म्हणायचं, मीही मिस्तरीच म्हणते. सासऱ्यांना बठ्ठं, म्हणजे सगळं, गाव आबा म्हणायचं. आबा म्हणजे लाकडाचे माणूस. झाड वखारीत आलं की आधी हात फिरवून त्याचं बूड कोणतं आणि शेंडा कोणता ते बघायचे, बुडाला गेरूचा टिळा लावायचे, आणि मग तो टिळा शेवटपर्यंत पुसू द्यायचा नाही. खांब उभा करायचा तर बूड खाली, शेंडा वर, रानात उभं होतं तसंच घरात उभं करायचं, नाहीतर ते घर जन्मभर डोक्यावर उभं राहिल्यासारखं राहतं. आणि दुसरं एक होतं त्यांचं, ते मी आल्या आल्या ऐकलं. एका झाडाचं लाकूड दोन घरांत देऊ नये. दिलं तर दोन्ही घरांचं सुखदुःख एक होतं, इकडे भिंत खचली तर तिकडे खचते, तिकडे पाळणा हलला तर इकडे हलतो. मी नवी सून, मला हसू आलं, पदर तोंडात धरला. आबांनी बघितलं. म्हणाले, हासू नको पोरी, लाकूडले बठ्ठं याद ऱ्हास.

तर लाकूड यायचं सातपुड्यातून, अक्राणीच्या अंगानं, बैलगाड्यांवर. एकेक साग एवढा लांब की गाडी वळणावर वळायची नाही, माणसं मागून शेपटी उचलून वळवायची. ते शेटजींच्या वखारीत पडायचं, शेटजी मारवाडचे, भला माणूस, त्यांच्याकडे आबा आणि मिस्तरी दोघं कामाला. एके साली शेटजींनी मिस्तरींना बोलावलं आणि म्हणाले, मुंबईच्या गोदीत एक आगबोट दुरुस्तीला आलीय, तिची वरची जमीन बठ्ठी नवी सागाची करायचीय, लांब, सरळ, बिनगाठीच्या फळ्या पाहिजेत, त्या तू निवडून दे, आणि मालाबरोबर जा, वाटेत कोणी बदलू नये. मिस्तरींनी फळ्या निवडल्या, करवतीचे लोक एक वर एक खड्ड्यात असे कितीतरी दिवस करवत ओढत होते, सगळी गल्ली भुशानं पिवळी झाली, आमच्या भाकरीतसुद्धा सागाचा वास यायचा. मग तो माल गाडीत चढला, सुरतेवरून मुंबईला गेला, आणि मिस्तरी त्याच्याबरोबर गेले ते तिकडेच राहिले, कारण गोदीतल्या मुकादमानं त्यांचा रंधा चालताना बघितला आणि म्हणाला, फळ्या तू आणल्यास, आता तूच बसव.

परत आले तेव्हा अंगाला वेगळाच वास, डांबराचा आणि खाऱ्या वाऱ्याचा. मी विचारलं, कसली बोट हो ती. तर म्हणाले, गोजर, ती मालाची बोट नाही. कापसाच्या गाठी नेत नाही, काही नाही. साहेब लोक तिच्यात बसून नुसते हिंडायला जातात. कुठे पोचायचं नाही, कोणाचं लग्न नाही, बाजार नाही, चार मुलखांची हवा खायची आणि जिथून निघाले तिथेच परत उतरायचं. आता सांगा, मी आयुष्यात कामाशिवाय या गल्लीच्या त्या टोकाला गेले नव्हते, मला काय कळावं. पण मला ते फार आवडलं बघा. भाकरी थापता थापता मी तेच मनात घोळवायची, नुसतं हिंडायचं, कुठे पोचायचं नाही.

आणि त्या बोटीची वरची जमीन. साहेब तिला डेक म्हणत, खलाशी तूतक म्हणत, मी म्हणायची आगबोटीचं धाबं. मिस्तरी हसायचे, पण मग तेही तसंच म्हणायला लागले. ते सांगायचे, फळी फळीला घट्ट भिडवायची नाही, मधे फट ठेवायची, तिच्यात कापसाचा पीळ ठोकायचा, बोथट पटाशीनं आणि मोगरीनं, तो दगडासारखा बसला की वर कढत डांबर ओतायचं, थंड झालं की तासून काढायचं. मग वरून बघितलं की पिवळी फळी काळी रेघ, पिवळी फळी काळी रेघ, पार टोकापर्यंत. खिळ्याचं डोकं कुठे दिसू द्यायचं नाही, त्याच्यावर सागाचीच गोल टिकली ठोकायची. बोटीच्या अंगभर टिकल्या, म्हणाले. आणि उन्हात त्याच्यावर अनवाणी चाललं तरी पाय पोळत नाही. मडमा संध्याकाळच्या त्याच्यावर जोडे काढून चालतात.

मी म्हटलं, मला चालायचंय.

त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. म्हणाले, मुंबई काय इथे आहे. मी म्हटलं, मग तुम्ही इथे आणा.

थट्टेत बोलले हो मी. पण त्यांच्या डोक्यात ते बसलं. तुम्ही धुळ्याचे, तुम्हाला धाबं काय सांगायचं, खाली सागाच्या कड्या, वर फळ्या आणि त्याच्यावर खारी माती दडपलेली. आमचं धाबं तेव्हा जुनं झालं होतं, माती सारखी खाली गळायची, वरणात पडायची. आणि वखारीत त्या बोटीच्या सागांचे बुडखे पडून होते, बुडाकडचं लाकूड पिळाचं, वाकडं, बोटीला चालत नाही, म्हणून तेवढे तेवढे कापून बाजूला टाकले होते, आबांच्या गेरूच्या टिळ्यासकट. शेटजी म्हणाले, घेऊन जा, चुलीत घाला. मिस्तरींनी ते चुलीत घातले नाहीत, त्याच्या आखूड आखूड फळ्या काढल्या आणि धाब्यावरची माती खरवडून तिथे आगबोटीची जमीन बसवायला घेतली.

आबा चिडले. असे चिडले की दोन दिवस ओट्यावर जेवले, घरात आले नाहीत. म्हणाले, शेंडा तू समुद्रात दिला आणि बूड इकडे डोक्यावर घेतोस, एक झाड दोन घरांत. मिस्तरी म्हणाले, आबा, बोट काय घर आहे का. तर आबा म्हणाले, मानूस जठे जपस ते घरच शे. जपस म्हणजे झोपतो, भाऊ. पण मिस्तरी ऐकण्यातले नव्हते, आणि खरं सांगू, मीही नव्हते. बठ्ठा कापूस मी वळला. दुपारभर मी ओट्यावर बसून वाती वळतात तसाच, पण मनगटाएवढा लांबच्या लांब पीळ घालायची, तो दारातून गल्लीत जायचा, शेळ्या ओलांडून जायच्या. मिस्तरींनी तो फटीत ठोकला तेव्हा म्हणाले, गोजर, मुंबईच्या बाजारातल्या पिळाला असा हात नाही. पुढच्या खेपेला जाताना ते माझ्या हातच्या पिळाची एक गुंडी बरोबरच घेऊन गेले, बोटीतली कुठली तरी फट तिनं भरली, म्हणजे लाकूड तर होतंच एक, कापूसही एकच झाला.

झालं, फाल्गुनात आगबोट तयार झाली. मी शिडीनं वर गेले, जोडवी काढून ठेवली, फळीला ओरखडा नको म्हणून, आणि चालले. खरंच पाय पोळत नव्हता. वर बघितलं की आभाळ, खाली बघितलं की पिवळी फळी काळी रेघ, गाव दिसतच नव्हतं, नुसता वारा. मला वाटलं घर निघालं.

पण तुम्हाला हसायचं असेल तर आता हसा. चैत्र सरला, वैशाख लागला, आपल्याकडचं ऊन, तव्यावर पडावं तसं. त्या मुंबईच्या डांबराला असलं ऊन कधी माहीत नव्हतं. ते विरघळलं. आबा खाली पागोटं घालून जेवायला बसले होते, त्यांच्या पागोट्यावर टपकन् काळा थेंब, मग दुसरा. मी धावत वर गेले तर माझे पाय चिकटले, निघेनात, शेजारची सोनाबाई तिच्या धाब्यावरून म्हणते, काय वं गोजर, तुनी बोट चिखलमा फसनी का. आणि त्याहून वाईट म्हणजे फळ्या सुकून आत ओढल्या गेल्या, कापूस फटीत उघडा पडला. बठ्ठं गाव हसून गेलं. आबांनी पागोटं धुवायला टाकलं नुसतं.

मिस्तरी संध्याकाळपर्यंत त्या फटींकडे बघत बसले आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, मी समुद्र विसरलो. बोटीवर रोज सकाळी खलाशी गुडघ्यावर बसून ती जमीन वाळूनं घासतात, समुद्राच्या पाण्यानं धुतात. ती पाणी पिते म्हणून फुगलेली राहते, फुगलेली राहते म्हणून फट मिटलेली राहते. मी जमीन आणली गोजर, पाणी कुठून आणू.

मी म्हटलं, विहिरीतून, आणखी कुठून.

आणि तेव्हापासून भाऊ, ते माझं काम झालं. डांबरात त्यांनी राळ आणि चुना घालून ते घट्ट केलं, पुन्हा ओतलं, ते पुढे बरं टिकलं. आणि मी रोज दिवस कलला की विहिरीवरून घागर भरायची, शिडी चढायची आणि धाब्यावर पाणी शिंपायची. पाण्यात मीठ घालायची एक मूठ, त्याला आपला समुद्र वाटावा म्हणून. फळी पाणी प्यायची त्याचा आवाज यायचा, बारीक, कान लावला तर. सागाचा वास उठायचा. बायका विहिरीवर मला विचारायच्या, गोजर वं, तुनी बोट कोठे उनी आज. मी मिस्तरींनी गोदीतल्या खलाशांकडून ऐकून आणलेली गावं सांगायची, आज एडनला लागली, तिथं झाड म्हणून नाही. आज सुवेझच्या कालव्यात आहे, दोन्ही बाजूंना वाळू, मधून बोट चाललीय, उंटावरचा माणूस तिच्या बरोबरीनं चालतोय. आधी त्या थट्टेनं विचारायच्या. मग मला वाटतं त्यांना ते ऐकल्याशिवाय करमेना, कधी मी गप्प राहिले तर म्हणायच्या, काय वं, आज कोठेच नही का.

मग मिस्तरींना बोटीवर सुतार म्हणून घेतलं. डेकाची निगा ठेवायची, फट उघडली की भरायची, फळी कुजली की बदलायची. त्याच बोटीवर. जायचे ते कितीतरी महिने जायचे, यायचे तेव्हा माझ्यासाठी शंख आणायचे, तिकडचा साबण आणायचे, आणि पहिली गोष्ट विचारायचे, पाणी घातलं? मी म्हणायची, घातलं. मग शिडी चढायचे, जोडे काढायचे, आणि टाचेनं फळी दाबून बघायचे. मला वाटायचं, ते तिकडे त्या फळ्यांवर चालतात, मी इकडे त्यांच्या बुडावर चालते, एकाच झाडावर दोघं चालतोय, मग लांब कसे. असं माझं वेडं मन होतं, त्याच्यावर मी दिवस काढले.

मग ती पहिली मोठी लढाई लागली. साहेबांचं हिंडणं-फिरणं बंद, त्या बोटीत शिपाई भरले म्हणे. मिस्तरींचा निरोप यायचा तोही यायचा बंद झाला. एक पावसाळा लागला, श्रावणात कानबाई देवी घरी आली, मी तिच्यापुढे डोकं ठेवलं, गेली, दिवाळी गेली, काही नाही. आणि शिमग्याच्या सुमाराला मुंबईला हमालीवर असलेला आमच्या भाऊबंदातला एक माणूस गावी आला, तो ओट्यावर बसून पाणीसुद्धा प्याला नाही, आबांना म्हणाला, ती बोट बुडी गयी.

मी आत होते. मी ऐकलं. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पुन्हा आत सारलं, एवढंच आठवतं.

भाऊबंद जमले. त्यांचं वाईट नव्हतं हो मनात, रीत असते. म्हणाले, आबा, आता सुनेला सांगा. आबा आले, उंबऱ्याशी उभे राहिले, माझ्या हातांकडे बघितलं, हिरव्या बांगड्या होत्या. शेवटी म्हणाले, पोरी, आते बांगड्या उतार. मी म्हटलं, आबा, तुम्हीच सांगितलं होतं, एक झाड दोन घरांत गेलं की सुखदुःख एक. त्या बोटीचं बूड आपल्या डोक्यावर आहे. ती बुडाली असेल तर इथे पाणी आत येईल. धाबं पाण्यानं भरा. खाली एक थेंब पडला तर मी बांगड्या फोडीन, कोणी सांगायला नको. नाही पडला तर या घरात मला पुन्हा कोणी हे म्हणायचं नाही.

भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले, बाईचं डोकं फिरलं. पण आबांनी वर धाब्याकडे बघितलं. त्यांचाच शब्द होता तो, माघारी कसा घेतील. म्हणाले, भरा.

आणि भाऊ, मला आतून काय वाटत होतं ते मलाच ठाऊक. त्या साली पाणी नव्हतं. विहीर तळाला गेली होती, माणसाला मिळेना तिथं धाब्याला कुठून, मी कितीतरी दिवस नुसता तांब्या शिंपडत होते, फळ्या सुकलेल्या मला पायाला कळत होत्या. तोंडातून शब्द गेला होता पण पाय सांगत होते की गोजर, हे गळणार. आणि भरायला तरी पाणी कुठलं? मी घागर घेऊन विहिरीवर गेले, खालून वाटीवाटीनं पाणी भरत बसले. तेवढ्यात सोनाबाई आली, जी म्हणाली होती चिखलात फसली का, तिच्या डोक्यावर तिच्या घरची भरलेली घागर. सरळ आमच्या शिडीकडे गेली. मग दुसरी आली, मग तिसरी, ज्या ज्या मला विचारायच्या ना बोट कुठे आली, त्या सगळ्या, आपापल्या घरातलं प्यायचं पाणी घेऊन. पन्हळीला चिंधी कोंबली आणि धाब्यावर पाणी चढू लागलं.

घोट्यापर्यंत आलं. मी एकटी वर उभी होते. ऊन कलतं होतं, त्या पाण्यात बठ्ठं आभाळ उतरलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, आणि वाऱ्यानं ते हलत होतं, मी हलत होते की घर हलत होतं कळेना. समुद्र मी कधी बघितला नाही भाऊ, आजही नाही. पण असाच असेल. भीती होती ना, तरी मला ते इतकं सुंदर वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटली. मी मनात म्हणत होते, मिस्तरी, बघा, आणलं मी पाणी.

खाली आबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणाले, मी सुतार शे, मीच देखसू. दार लावून घेतलं, पागोटं काढून ठेवलं आणि घराच्या मधोमध मान वर करून उभे राहिले. बाहेर सगळी गल्ली उभी, आत आबा, वर मी. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी वरून हाक मारली, आबा. पुन्हा हाक मारली, आबा, गळस का?

मग आवाज आला, जड. कोरडं शे.

दार उघडून बाहेर आले तेव्हा पागोटं घातलेलं होतं. भाऊबंदांना म्हणाले, आते जा आपापला घर. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. आणि धाब्यावरचं पाणी आम्ही बायकांनी वाडग्यांनी भरून काढलं, गुराढोरांना पाजलं, त्यात मीठ नव्हतं घातलं मी त्या दिवशी.

मिस्तरी आले ते पुढच्या हिवाळ्यात. मी धाब्यावर पाणी घालत होते, तिथून टेशनचा रस्ता दिसतो, एक माणूस पाय ओढत ओढत येताना दिसला, खांद्यावर एक पोतडी, आणि मी चाल ओळखली, एक पाय बिघडला होता तरी ओळखली. घागर अर्धी होती हातात. ती मी पुरती रिकामी केली, कडेपर्यंत पाणी पसरू दिलं, आणि मग खाली उतरले. शिडीची एक पायरी चुकली. ते अंगणात उभे. म्हणाले, गोजर, पाणी घातलं? मी म्हटलं, घातलं, आणि मग मला रडू फुटलं, असं की सोनाबाई धावत आली, तिला वाटलं आता खरीच काही बातमी.

बोट बुडाली होती हो. खरीच बुडाली होती, त्या माणसानं खोटं नव्हतं सांगितलं. खालून फुटली आणि गेली. मिस्तरी पाण्यात पडले, वरची जमीन मोडून तिच्या फळ्या तरंगत होत्या, त्यातल्या एकीला धरून राहिले, दुसऱ्या बोटीनं काढलं, कुठल्या तरी परमुलखाच्या दवाखान्यात पाय बांधून कितीतरी महिने पडून होते. मी विचारलं, आपलीच फळी होती का हो ती, टिळ्याच्या झाडाची. म्हणाले, पाण्यात कोण फळीला गाव विचारतं. पण तिच्या फटीत कापूस होता, गोजर, तो सुटला नव्हता.

मग समुद्रावर ते गेले नाहीत. इथेच वखारीत बसले. आम्हाला सुकदेव झाला, आबांनी त्याला खेळवला, त्याच धाब्यावर रांगायला शिकला तो. आबा थकले, आणि अगदी शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, मिस्तरी बाहेर होते, तेव्हा आबा म्हणाले, गोजर, त्या दिनले थेंब पडना व्हता.

पडला होता, भाऊ.

कपाळवर पडना, म्हणाले. मी पुसी टाका.

मी म्हटलं, आबा, तुम्ही तर जन्मभर लाकडाच्या शब्दाबाहेर गेला नाहीत. मग का. त्यांनी डोळे मिटले होते. म्हणाले, मी वर देखी राहिंतू, डोळामा पानी व्हतं. वरतून उनं का डोळामातून उनं, माले काय ठाऊक. आणि मग थोडं हसले, म्हणाले, लाकूडले जे सांगानं ते सांगं त्यानी. मानूसनी बी काही सांगाले पाहिजे ना. मिस्तरींना मी हे कधी सांगितलं नाही, का नाही ते विचारू नका, आमच्या दोघांचं होतं ते, आबांचं आणि माझं.

मिस्तरीही गेले, त्याला आता दोन पावसाळे झाले. उन्हाळ्यात धाब्यावरच अंथरूण असायचं, सकाळी उन्हं आली तरी उठले नाहीत. त्या वेळी बांगड्या मी माझ्या हातानं उतरवल्या. कोणाला सांगावं लागलं नाही.

आणि सुकदेव, तुम्ही विचारलंत ना पोरगा कुठे आहे, तो बोटीवर आहे. दुसरी लढाई संपली, त्या हिंडायच्या बोटी पुन्हा हिंडायला लागल्या, शिपायांच्या बुटांनी डेक पार खराब झालेले, सुतार पाहिजेत, तो गेला. मी नाही म्हटलं नाही. त्याच्या बापानं शिकवलेला हात, मी काय धरून ठेवू. जाताना माझ्या हातचा पीळ घेऊन गेला. सुनेचं नाव सुंदर, गरीब पोर, शिरपूरकडची. मला आता शिडी चढवत नाही, गुडघे गेले, तर धाब्यावर पाणी तीच घालते. पाण्यात मीठ घालते मूठभर, मी सांगितलं नव्हतं, बघून शिकली. विहिरीवर तिलाही विचारतात, सुंदर वं, तुनी बोट कोठे उनी. पण गेले काही महिने त्याची खुशाली नाही. समुद्रात असेल, बंदर लागलं की कळवेल, मी तिला म्हणते. ती हो म्हणते आणि भाकरी अर्धी ठेवून उठते.

तुम्ही जायच्या आधी वर जाऊन या भाऊ, जोडे मात्र खाली काढा, आणि दोन पावलं चाला, घाई करू नका, कुठे पोचायचं नाहीये तिथं. तुमचं बरं होवो, तुमच्या घरात कोणाला कोणाची वाट बघावी न लागो, आणि लागलीच तर येणारा येवो. आणि हे शेवटचं जे सांगते ते लिहा, पण सुंदरला वाचून दाखवू नका.

काल दिवस कलता ती वर पाणी घालत होती आणि मी खाली बसले होते, घराच्या मधोमध, आबा उभे होते तिथेच. फळ्या जुन्या झाल्यात, माझा कापूसही जुना झालाय. मी सहज वर बघितलं, आणि कपाळावर थेंब पडला, कुंकू लावायची तिथेच, गार. मी पदरानं पुसला. वरून सुंदरनं हाक मारली, माय, खाले गळस का?

मी म्हटलं, नही वं बाई, कोरडं शे. वत तू अजून.